बाईंची कोरफड आणि पोटॅशियम २.७

माझं मेडिकल आहे, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडच्या मागच्या रस्त्याला, बावीस वर्षं झाली. हे प्रकरण आमच्या बाईंचं आहे, त्यांना विचारूनच लिहितोय, फक्त नाव टाकू नको म्हणाल्या म्हणून नाव नाही. बाई म्हणजे मला तिसरी-चौथीला शिकवलेल्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत, आता रिटायर होऊन पाच वर्षं झाली, वय ६३. अजूनही काउंटरवर आल्या की मी स्टुलावरून उठतोच.

सुरुवात गौरीजेवणाच्या दिवसापासून करतो कारण घरच्यांना प्रकरण कळलं ते तेव्हा. बाई सकाळपासून पुरण वाटत होत्या, दुपारी चुलीवरचा, म्हणजे गॅसवरचा कुकर उतरवायला गेल्या आणि हातात जोरच नाही, कुकर परत खाली ठेवला आणि तिथंच फरशीवर बसल्या. उठता येईना. शुद्धीवर होत्या, बोलत होत्या, पण पाय जणू दुसऱ्याचेच. त्याआधी पंधरा-वीस दिवस त्या माझ्याकडनं ओआरएसची पाकिटं आणि पायात गोळे येतात म्हणून व्हिटॅमिनच्या गोळ्या नेत होत्या, रात्री पोटऱ्या वळतात, झोप लागत नाही म्हणायच्या. मी म्हटलं बाई गणपतीची धावपळ आहे, पाणी पीत जा जास्त. एवढंच म्हटलं.

मुलानं गाडीत घालून शहरातल्या दवाखान्यात नेलं, सगळ्यांना वाटलं पॅरालिसिसचा झटका. रक्त तपासलं तर पोटॅशियम २.७. नॉर्मल ३.५ ते ५ असतं. ईसीजीच्या पट्टीवर पण फरक दिसत होता, म्हणून ॲडमिट करून पोटॅशियमचं सलाईन लावलं, ते एकदम सोडता येत नाही, हार्टला धोका असतो, मॉनिटर लावून हळूहळू द्यावं लागतं, दोन दिवस गेले त्यात. डॉक्टरांनी गोळ्यांची यादी विचारली. मुलानं सांगितली: बीपीची, लोहाची, कॅल्शियमची, गुडघ्याची. बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टनसोबत क्लोरथॅलिडोन होतं, ते लघवी वाढवतं आणि लघवीवाटे पोटॅशियम पण बाहेर काढतं, तर डॉक्टर म्हणाले हेच कारण असणार, ती गोळी बदलून नुसती टेल्मिसार्टन दिली, पोटॅशियमचं सिरप लिहून दिलं आणि घरी सोडलं. बाई आणखी काही घेता का, काढा, घरगुती वगैरे, हे त्यांनी विचारलं होतं बरं का. बाई नाही म्हणाल्या. आणि त्या खोटं बोलत नव्हत्या, त्यांच्या हिशोबात कोरफड औषधात धरतच नाहीत, ती टेरेसवरच्या कुंडीत येते.

तीन आठवड्यांनी परत रक्त तपासलं, पोटॅशियम ३.०. क्लोरथॅलिडोन बंद, सिरप चालू, तरी खाली.

मला ह्याचा उलगडा झाला तो दसऱ्याला. दरवर्षी मी बाईंना सोनं द्यायला जातो, आपट्याची पानं दिली, पाया पडलो, बाई चहा ठेवायला आत गेल्या म्हणून मी पण मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. ओट्याच्या खिडकीत ओल्या फडक्यात गुंडाळलेलं कोरफडीचं अर्धं पान उभं ठेवलेलं, कापलेल्या टोकाला पिवळा चीक ओघळून खाली बशीत साचलेला आणि बशीच्या कडेला वाळून लालसर तपकिरी झालेला, गुळाच्या पाकासारखा. शेजारी मिक्सरचं भांडं पालथं, त्याच्या झाकणाची पांढरी रबरी रिंग पार पिवळी पडलेली. मी विचारलं बाई हे काय, तर म्हणाल्या, "अरे ते रात्रीचं. ह्याच्याशिवाय पोट साफ होत नाही माझं."

तिथंच बसून सगळं विचारलं. वैशाखापासून चालू होतं. वीतभर लांब, मांसल पान घ्यायचं, कडेचे काटे काढायचे, आणि सालीसकट तुकडे करून आलं-लिंबू घालून मिक्सरला फिरवायचं, झोपताना प्यायचं. साल का काढत नाही म्हटलं तर त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ बघितलेला, त्यात तो माणूस सांगत होता की साल काढली की सत्त्व जातं. आधी एक दिवसाआड, मग रोज अर्धं पान, श्रावणापासून रोज एक. कारण अर्ध्यानं होईना. सकाळी तीन-तीन, चार-चार वेळा पातळ होत होतं तरी त्या त्याला जुलाब म्हणत नव्हत्या, पोट साफ होणं म्हणत होत्या. आणि आमच्याकडे हा शब्दच घात करतो, काउंटरवर रोज ऐकतो मी, साफ झालं म्हणजे चांगलं झालं, मग ते पाण्यासारखं का असेना.

आता इथं कोरफडीचं नीट सांगतो कारण बहुतेकांचा घोटाळा इथंच होतो. कोरफडीच्या पानात दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात. मधला पारदर्शक, बुळबुळीत गर, ज्याच्यात जवळजवळ ९९ टक्के पाणी आणि बाकी थोडी पॉलिसॅकराइड्स, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या, वगैरे. आणि साल व गर यांच्या मधे, सालीला आतून चिकटून, बारीक नळ्यांमधे तो पिवळा कडू चीक. ह्या चिकात ॲलोइन असतं. ॲलोइन लहान आतड्यात फारसं शोषलं जात नाही, ते मोठ्या आतड्यात पोचतं, तिथले जंतू त्याचे तुकडे करतात आणि त्यातनं जो पदार्थ तयार होतो तो आतड्याला डिवचतो, आतडं जोरात हलायला लागतं आणि पाणी शोषून घ्यायच्या ऐवजी सोडायला लागतं. ह्याला आठ-दहा तास लागतात, म्हणून रात्री प्यायलं की सकाळी काम होतं. सोनामुखीचं काम पण ह्याच जातीच्या द्रव्यांनी होतं. म्हणजे बाई रोज रात्री एक जुलाबाचं औषध घेत होत्या, न मोजता, कारण पानापानात चीक कमीजास्त असतो.

आपल्या जुन्या बायकांना हे माहीत होतं. वाळवलेला चीक म्हणजेच काळाबोळ, माझी आजी तो कागदाच्या पुडीत वेगळा ठेवायची, द्यायचा तर मुगाएवढा, आणि पोटुशी बाईला हात लावू द्यायची नाही. वैद्य लोक पण कोरफडीला कुमारी म्हणतात, कुमारीआसव देतात, पण मोजून देतात, किती दिवस ते सांगून देतात. युरोपच्या औषध संस्थेनं पण ह्या वाळलेल्या चिकाबद्दल लिहून ठेवलंय की आठवड्याहून जास्त दिवस आपल्या मनानं घेऊ नये. बाईंनी साडेपाच महिने घेतलं.

आणि ज्याच्यामुळे मला खरोखर वाईट वाटलं ते पुढंच आहे. बाईंना कोरफडीची वाट मीच दाखवली होती. गुढीपाडव्याच्या सुमारास त्या आल्या, संडासला खडा होतोय, कुंथावं लागतंय, काहीतरी नैसर्गिक दे म्हणाल्या, आणि मी रॅकवरची कोरफड ज्यूसची लिटरची बाटली दिली, ३० मिली सकाळी उपाशीपोटी पाण्यातनं. ती महिनाभर घेतली, काही फरक नाही. फरक पडणारच नव्हता, कारण चांगल्या कंपन्या प्यायच्या ज्यूसमधनं चीक गाळून काढतात, कोरफडीच्या व्यापारातली जी आंतरराष्ट्रीय संस्था आहे तिचं माप आहे की ॲलोइन दहा लाखात दहा भागांच्या खाली पाहिजे. चीक काढला की ज्यूस बराच सुरक्षित होतो, पण त्याचबरोबर पोट साफ करणारा भाग पण जातो. उरतो तो गर आणि पाणी. मग बाईंनी विचार केला की बाटलीतलं पाणचट आहे, घरचं ताजं बरं, आणि घरच्या पानानं दुसऱ्या दिवशी सकाळीच काम केलं. त्यांच्या जागी कोणी पण तोच निष्कर्ष काढला असता. बाटलीवर बारीक अक्षरात नॉट फॉर मेडिसिनल युज छापलेलं असतं, सप्लिमेंटवर तसं छापायचा नियमच आहे, आणि त्याच बाटलीच्या समोर मोठ्या अक्षरात पचन, पोट, डिटॉक्स, सगळं. मी ती बाटली देताना ना ते बारीक अक्षर दाखवलं, ना विचारलं की बाई, पोट कधीपासून बिघडलंय आणि त्याच्या आधी नवीन काय सुरू झालं.

तो एक प्रश्न विचारला असता तर सगळा धागा हातात आला असता. दसऱ्याच्या रात्री दुकानात बसून मी कॉम्प्युटरवर बाईंची वर्षभराची बिलं काढली. आदल्या वर्षीच्या गणपतीनंतर गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफिनॅक सुरू, डॉक्टरांनी चिठ्ठी दिलेली पाच दिवसांची, नंतर त्याच जुन्या चिठ्ठीवर मी आणि माझा पोऱ्या वर्षभर स्ट्रिपा देत राहिलो. दिवाळीला बीपी वाढलं. ह्या वेदनाशामक गोळ्यांनी बीपी चढतं, मीठ-पाणी अंगात धरलं जातं, हे मला माहीत आहे, परीक्षेत लिहिलंय मी. बीपी वाढलं म्हणून नुसत्या टेल्मिसार्टनच्या जागी क्लोरथॅलिडोनवाली गोळी आली. संक्रांतीला दम लागतो म्हणून रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९.६, लोहाच्या गोळ्या सुरू, सोबत कॅल्शियम. होळीला संडासला खडा. लोहानं आणि कॅल्शियमनं पोट धरतं, हे तर आमच्या धंद्यात शेंबडं पोर पण सांगेल. पाडव्याला बाटली, वैशाखात पान, भाद्रपदात पोटॅशियम २.७. प्रत्येक पायरीचं बिल माझ्याच दुकानाचं, फक्त पान सोडून. एकेक बिल वेगळं बघितलं तर बरोबर वाटतं, गुडघ्याला गोळी, बीपीला गोळी, रक्ताला गोळी. एकाखाली एक लावल्यावर दिसलं की प्रत्येक नवीन गोष्ट ही आधीच्या गोष्टीनं केलेलं नुकसान भरायला आलेली.

पोटॅशियमचं गणित पण तेव्हाच जुळलं. पातळ संडासवाटे पोटॅशियम जातं आणि क्लोरथॅलिडोनमुळे लघवीवाटे जातं, टाकी एक आणि गळक्या तोट्या दोन. डॉक्टरांनी एक बंद केली, दुसरी त्यांना कोणी दाखवलीच नाही, ती वाहत राहिली. वर पोटॅशियम कमी झालं की स्नायू ढिले पडतात, त्यात आतड्याचे पण आले, म्हणजे आतडं आणखी मंद, पोट आणखी गच्च, म्हणून बाई अर्ध्याचं एक पान करणार. ह्या चक्रातनं माणूस आपला आपण बाहेर पडूच शकत नाही, त्याला आतनं वाटत राहतं की कोरफड आहे म्हणून तरी चाललंय. हार्टसाठी डिगॉक्सिन घेणाऱ्या पेशंटला हेच झालं असतं तर ठोके बिघडून जिवावर बेतलं असतं, माझ्याकडे अशी दोन माणसं आहेत, दुसऱ्या दिवशी दोघांना फोन करून विचारलं, तुम्ही कोरफड, सोनामुखी, पोट साफ करायचं चूर्ण असं काही घेता का. एक जण चूर्ण घेत होते, डबा मागवून बघितला तर घटकांत पहिलंच नाव सोनामुखी. त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं.

बाईंच्या मुलाला घेऊन मी स्वतः फिजिशियनकडे गेलो, बिलांची यादी आणि त्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो घेऊन. डॉक्टरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, कुठंही आवाज चढवला नाही, आणि म्हणाले की ६३ वर्षांच्या, पाळी बंद झालेल्या बाईचं हिमोग्लोबिन ९.६ असं उगाच होत नाही, रक्त कुठंतरी जातंय, दोन्ही बाजूंनी दुर्बिणीनं बघून घेऊ. वरनं बघितलं तर जठराच्या अस्तरावर ठिकठिकाणी ओरखड्यासारख्या बारीक जखमा, वर्षभराच्या डायक्लोफिनॅकच्या. खालनं बघितलं तर गाठ नाही, काही नाही, पण मोठं आतडं आतनं गुलाबी असायला पाहिजे ते ठिपक्याठिपक्यांचं काळपट तपकिरी, सापाच्या कातडीसारखं. रिपोर्टवर लिहिलं मेलॅनोसिस कोलाय. चिकातल्या द्रव्यांनी आतड्याच्या पेशी मरतात, त्यांचा रंगीत गाळ अस्तरात साठतो, त्यानं हा रंग येतो, काही महिने रोज घेतलं की दिसायला लागतो. बंद केलं की महिन्यांनी हळूहळू जातो, तो स्वतः कॅन्सर नाही, हे डॉक्टरांनी बाईंना तीनदा सांगितलं, कारण फोटो बघून बाई फार घाबरल्या होत्या.

कॅन्सरचा विषय मुलानं नेटवर वाचून काढलाच, त्यावर जे आहे ते सांगतो. अमेरिकेत उंदरांना दोन वर्षं पाण्यातनं चीक न काढलेल्या अख्ख्या पानाचा अर्क दिला होता, २०१३ चा रिपोर्ट आहे, त्यात मोठ्या आतड्यात गाठी झाल्या. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं अख्ख्या पानाच्या अर्काला "कदाचित कॅन्सरकारक" ह्या गटात टाकलं. हे अख्ख्या पानाबद्दल आहे, चीक काढलेल्या गराबद्दल नाही. आणि त्याच्याही आधी २००२ मधे अमेरिकेच्या एफडीएनं चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या जुलाबाच्या औषधांतनं कोरफडीचा चीक काढून टाकायला लावला, कारण तो सुरक्षित आहे असं दाखवणारा पुरेसा डेटा कंपन्यांनी दिला नाही. लिव्हरला सूज आल्याच्या केसेस पण कोरफडीच्या सप्लिमेंटवर नोंदलेल्या आहेत, म्हणून बाईंचं एसजीपीटी पण बघितलं, ते नॉर्मल आलं.

मग गर तरी उपयोगाचा आहे का, हे मला स्वतःला जाणून घ्यायचं होतं, कारण बाटली मी विकतो. २००४ मधे इंग्लंडमधे अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होतात त्या आजाराच्या, ४४ पेशंटवर चाचणी झाली, रोज दोनदा १०० मिली गर, चार आठवडे, तर गर घेणाऱ्यांत ३० टक्क्यांची लक्षणं पूर्ण शमली आणि नुसतं खोटं पेय घेणाऱ्यांत ७ टक्क्यांची. आशा वाटावी असा आकडा आहे पण माणसं थोडी आणि आजार पण वेगळा. आयबीएसवर, म्हणजे पोट दुखतं आणि संडासची सवय बिघडते त्या आजारावर, दोन-तीन छोट्या चाचण्या आहेत, त्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. बद्धकोष्ठावर गर चालतो असं ठामपणे सांगावं असं काही माझ्या हाती लागलं नाही. तेव्हा संडासला खडा होतो म्हणून आलेल्या माणसाला मी आता ती बाटली देत नाही.

बाईंचं पुढं काय केलं तर आधी डायक्लोफिनॅक बंद, गुडघ्याला पॅरासिटामॉल, वरनं लावायचं जेल आणि फिजिओचे व्यायाम. जठरासाठी ॲसिड कमी करणारी गोळी आठ आठवडे. लोह रोजच्या ऐवजी एक दिवसाआड, अंगी पण नीट लागतं आणि पोट पण कमी धरतं, आणि कॅल्शियम लोहापासून चार-पाच तास लांब, दुपारच्या जेवणाबरोबर. पोटासाठी लॅक्ट्युलोज, म्हणजे संडास मऊ करणारं सिरप, नंतर इसबगोल मोठा ग्लासभर पाण्यातनं.

पान बंद केल्यावरचे दहा दिवस फार कठीण गेले. पाचव्या दिवशी रात्री साडेदहाला बाईंचा फोन, पाच दिवस झाले रे काहीच नाही, पोट दगड झालंय, एक फक्त एवढंसं पान घेऊ का. ज्या बाईंनी मला पाढे म्हणायला उभं केलं त्या माझ्याकडे परवानगी मागत होत्या, मला बोलवेना. डॉक्टरांना विचारून लॅक्ट्युलोजचा डोस वाढवला, सकाळी उठल्यावर कोमट पाणी आणि चहानंतर दहा मिनिटं संडासला बसायचं, होवो न होवो, पायाखाली छोटा पाट घेऊन. आठव्या दिवशी झालं. महिन्याभरात एक दिवसाआड नीट व्हायला लागलं. रोज झालंच पाहिजे असं काही नसतं, आठवड्यातनं तीनदा, न कुंथता होत असेल तरी ते नॉर्मलच, हे बाईंना पटायला वेळ लागला.

त्या फिजिशियननी आणि मी मिळून औषधाच्या दुष्परिणामाचा फॉर्म पण भरून पाठवला. गाझियाबादला केंद्र सरकारची नोंद ठेवणारी यंत्रणा आहे, फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम, तिचा टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४, पेशंट स्वतः पण फोन करून सांगू शकतो, ॲलोपॅथीचं असो की झाडपाल्याचं. आमच्या तालुक्यात हे कोणाला माहीत नाही, मी पण बावीस वर्षांत पहिल्यांदा केलं.

दुकानात मी दोन बदल केले. जुन्या चिठ्ठीवर वेदनाशामक दुसऱ्यांदा मिळत नाही, गिऱ्हाईक चिडून दुसरीकडे जातात, जाऊ देत. आणि पोटाचं औषध मागितलं की पोऱ्यानं आधी तीन गोष्टी विचारायच्या: कधीपासून, त्याच्या आधी कुठली गोळी नवीन सुरू झाली, आणि घरी काय पिता. "औषध काय घेता" असं विचारलं की कोरफड कोणी सांगत नाही, "काय पिता" विचारलं की सांगतात. संडासवाटे रक्त, वजन उतरणं, पन्नाशीनंतर सवय अचानक बदलणं, ह्यातलं काही असलं तर काउंटरवरनं काहीच द्यायचं नाही, सरळ डॉक्टर.

बाईंनी शंभर पानी वही केलीय, शाळेत हजेरीला करायच्या तशी पट्टीनं रेघा मारून, तारीख, गोळी, कधी, कशासाठी. शेवटच्या रकान्यात "घरचं" म्हणून वेगळा मथळा आहे, त्यात पहिली नोंद कोरफड सालीसकट, वैशाख ते दसरा, बंद. मागच्या आठवड्यात ती वही घेऊन आल्या होत्या. पोटॅशियम ४.१, हिमोग्लोबिन ११.२, बीपी नुसत्या टेल्मिसार्टनवर १३२/८०. गुडघे मात्र अजून दुखतात, जिना उतरताना जास्त, आणि सोमवारी त्यांना हाडाच्या डॉक्टरांना दाखवायचंय, वही घेऊन.